शेवभाजी झकास, बिअर कोमट

हॉटेलचं नाव लिहीत नाही. जळगावहून धुळ्याकडे येताना महामार्ग सोडून थोडं आत वळायचं. फाटकावर फेसाळ मगाचं चित्र, खाली ‘गार्डन फॅमिली रेस्टॉरंट’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘परमिट रूम’. एवढ्या खुणांवर खानदेशातली निम्मी हॉटेलं सापडतील, आणि आम्हाला जे बरंवाईट मिळालं ते त्यातल्या बहुतेक ठिकाणी मिळेल. मे महिना होता, पारा ४४ च्या वर. मामा धुळ्याचे, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. ताईचं माहेर जळगाव, नोकरी पुण्यात. गाडी मी चालवत होतो, त्यामुळे माझ्या वाट्याला लिंबू-सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांच्या ओट्यावर, चहा गार होईस्तोवर, या जेवणावरून दोघांची जी जुंपली ती खाली देतो आहे.

मामा : आधी जेवणाचं बोल. बाकीची कुरकुर मग.

ताई : शेवभाजी झकास होती. कोण नाही म्हणतंय?

मामा : नुसतं झकास म्हणून सुटू नको, का झकास ते सांग. त्याने शेव पातेल्यात आधीच टाकून ठेवली नव्हती. रस्सा उकळता आला, जाड तिखट शेव वेगळ्या वाटीत आली, आणि पोऱ्याने ती आपल्यासमोर ओतली. खालची भिजली, वरची कुरकुरीत राहिली, कडेने तर्री. पहिले सात-आठ घासच तसे मिळतात, मग लगदा. ज्याला हे कळतं त्याच्या भटारखान्यात जाणता माणूस उभा आहे. तुमच्या पुण्यात खानदेशी म्हणून जे देतात त्यात शेव सकाळपासून पोहत असते.

ताई : मसालाही घरी भाजलेला वाटला. कांदा-खोबरं पार काळं होईपर्यंत नेलं होतं, पण करपवलं नव्हतं. हे सगळं मान्य.

मामा : आणि भरीत?

ताई : भरीत मिळालं कुठे?

मामा : तेच तर! मेनूकार्डावर छापलंय, तरी पोऱ्या म्हणाला, ‘काका, आता नका घेऊ, वांग्यात बी धरलंय. थंडीत या.’ गिऱ्हाईक मागतंय आणि हॉटेलवाला नको म्हणतोय. असं हॉटेल दाखव मला दुसरं.

मामांच्या बाजूने इथे थोडी भर घालतो. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. फिकट हिरवं, हातात न मावणारं, कमी बियांचं हे वांगं. आसोदा, बामणोद ही गावं त्यासाठी नावाजलेली. दिवाळीनंतर थंडी पडली की शेतातच कपाशीच्या काड्यांचा जाळ करून वांगी भाजायची, हिरवी मिरची-लसूण घालून ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर हाणायची, हा इकडचा सण पंचांगात नसला तरी चुकत नाही. मानांकनाची फ्रेम भिंतीवर कोणीही लावेल. मे महिन्यात वांग्याला नकार देणारा विरळा.

ताई : आता माझं ऐका. आपण ज्या हॉटेलात गेलो त्याच्या फाटकावर शेवभाजीचं चित्र नव्हतं, बिअरच्या मगाचं होतं. मी माइल्ड मागितली. वेटरने माझ्याकडे नाही, तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मान हलवलीत तेव्हा तो हलला.

मामा : हलवली ना मान?

ताई : हलवलीत, उपकार झाले! माझं वय ३६ आहे, मामा. या राज्यात बिअर प्यायला २१ पुरतात. बरं, गेला तो आत, परत येऊन म्हणाला, स्ट्राँगच आहे. मी अडून बसले तेव्हा कुठूनशी एक हिरवी बाटली पुसत पुसत आणली. कोमट. लेबलावर तारीख पाहिली, सहा महिने भरायला आठवडा उरला होता.

मामा : उरला होता ना? मग झालं.

ताई : नाही झालं. आतल्या काऊंटरमागे काचेच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली, खिडकीच्या उन्हात बाटल्या मांडून ठेवल्यात, देव्हाऱ्यातल्या टाकासारख्या. बिअरमध्ये जे हॉप्स असतात त्यांच्यावर उजेड पडला की ती बिघडते, उग्र वास धरते. म्हणून तर बाटली तपकिरी करतात. हिरव्या काचेतून उजेड बराच आत जातो. माझ्या ग्लासात तोच वास होता. तक्रार केली तर बर्फाचं भांडं आणून ठेवलं. म्हणे, टाका यात!

मामा : ४४ डिग्रीत बर्फ आणून देतोय, तर त्यातही खोट?

(व्हिएतनाम आणि थायलंडमध्ये लोक बिअरमध्ये बर्फ सर्रास घालतात. पण ते आवडीने घालतात, फ्रीज नीट चालत नाही म्हणून नव्हे. हे मी म्हणालो आणि दोघांनीही माझ्याकडे दुर्लक्ष केलं.)

मामा : हे बघ पोरी, तो धंदा कसा चालतो ते समजून घे. माइल्ड म्हणजे ५ टक्क्यांपर्यंत, स्ट्राँग ८ पर्यंत. इथला माणूस दिवसभर उन्हात कापसाच्या, केळीच्या मागे असतो. संध्याकाळी तो चव घ्यायला बसत नाही. एवढे पैसे दिले तर लागली पाहिजे, एवढा त्याचा हिशोब. मग दहा पेट्या स्ट्राँगच्या खपतात तेव्हा माइल्डची एक बाटली जाते. मालकाने ती फ्रीजमध्ये कोणासाठी अडवून ठेवायची? वर्षातून एकदा पुण्याहून येणाऱ्या भाचीसाठी?

ताई : मग मेनूकार्डावर सोळा प्रकार कशाला छापायचे? भरताला जे जमलं ते बिअरला का जमू नये? ‘ताई, माइल्ड जुनी आहे, नका घेऊ’ म्हणायचं. मी ताक घेतलं असतं.

मामा : (हसून) ताक तर मी आधीच सांगितलं होतं.

यात मात्र मामा शास्त्राला धरून आहेत. मिरचीचा जाळ ज्या द्रव्यामुळे होतो ते पाण्यात विरघळत नाही. बिअर म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त पाणीच, आणि तिचे बुडबुडे पोळलेल्या जिभेला आणखी झोंबतात. ताकातलं दुधाचं प्रथिन ते द्रव्य जिभेवरून ओढून नेतं. म्हणजे तर्रीदार शेवभाजी आणि बिअर ही जोडी तोंड शांत करत नाही, भडकवते. म्हणून माणूस आणखी एक मागवतो. खारे शेंगदाणे आणि मसाला पापड न मागता टेबलावर येतात ते काही प्रेमापोटी नव्हे.

ताई : पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली, देशातल्या पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. तिथल्या लोकांनीही आधी स्ट्राँगच प्यायली होती ना? टाकीतली ताजी मिळायला लागली तशी जीभ बदलली. आपल्याकडे तर मोठमोठे बिअर कारखाने संभाजीनगरजवळ वाळूजला, जळगावपासून दीड-दोनशे किलोमीटरवर. एवढ्या जवळून येणारी बाटली शिळी का मिळावी?

मामा : वाळूजचं नाव काढू नकोस. २०१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसं टँकरमागे धावत होती तेव्हा या कारखान्यांचं पाणी तोडायला हायकोर्टाला सांगावं लागलं. औरंगाबाद खंडपीठाने ६० टक्क्यांपर्यंत कपात लावली. एक लिटर बिअरला चार-पाच लिटर पाणी जातं. आणि तुला ताजी हवी म्हणून आता जळगावात टाकी बसवू? सातूसुद्धा आपल्याकडे पिकत नाही, राजस्थानातून आणावा लागेल.

ताई : सातू कशाला? नायजेरियाने १९८८ मध्ये बाहेरून येणारा सातूचा माल्ट बंद केला तेव्हा तिथल्या कारखान्यांनी ज्वारीची बिअर काढली, अजून काढतात. आपल्याकडे ज्वारीला काय तोटा?

मामा : दादरची? दादरची बिअर? अगं, दादरची भाकरी होते! परमेश्वरा!

मामांनी हे इतक्या कळवळून म्हटलं की आतून मामींच्या हसण्याचा आवाज आला. दादर ही आमच्याकडची रब्बीची ज्वारी, पावसाळा सरल्यावर जमिनीतल्या ओलीवर येणारी. तिची भाकरी खाल्लेल्या माणसाला तिची बिअर करणं पाप वाटावं, हे मला कळतं. ताईची कल्पना वेडगळ नाही, हेही कळतं.

बिअरवरून भांडण इथवर आलं, पण ताईच्या मनात खरं खुपत होतं ते वेगळंच, आणि ते यायचं बाकी होतं.

ताई : आपण बसलो कुठे, मामा?

मामा : फॅमिलीत बसलो. मग कुठे बसणार?

ताई : बाहेर हिरवळ होती, पाणी मारलेलं, दोन मोठे कूलर, कडुलिंबाची सावली. तिथे सगळे पुरुष. आपण फाटकातून शिरलो, वेटरने मला पाहिलं आणि सरळ बोट दाखवलं, ‘फॅमिली तिकडे.’ तिकडे म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून पत्र्याचे चार खण. पुढे मरून रंगाचा पडदा, त्याला जागोजागी हात पुसलेले. कूलरची हवा पोचत नाही, फोडणीचा धूर पोचतो. शेजारी हात धुवायचं बेसिन. आणि बायकांचं स्वच्छतागृह विचारलं तर त्यात रिकाम्या बाटल्यांचे क्रेट रचलेले. पोऱ्याने चार क्रेट उचलून मला वाट करून दिली. आत कडी नव्हती. म्हणजे जेवताना बाईला पडदा हवा, आणि जिथे कडी हवी तिथे नको!

मामा काही वेळ गप्प बसले. क्रेटचा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता.

मामा : कडीचं चुकलंच. ते मी त्याला सांगायला हवं होतं. पण पडद्याचं तू उलटं धरलंस. मी १९८० च्या सुमाराचे परमिट रूम पाहिलेत. काळ्या काचा, आत एक लाल बल्ब, अर्धी झुलती दारं. आत जाणारा आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायचा. बाई तर सोडच, पण मटण चांगलं मिळतं म्हणून नुसतं जेवायला जावं तरी गावात बोभाटा. धुळ्यासारखं गाव! इथल्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्या गावात फॅमिली रूम निघाली तेव्हा पहिल्यांदा बायका-मुलं त्या भटारखान्याचं जेवायला लागली. तो पडदा हीसुद्धा सुधारणाच होती.

ताई : ४० वर्षांपूर्वीची.

मामा : ऐक तर. मी नवापूरला होतो. पलीकडे गुजरात, तिथे १९६० पासून दारूबंदी. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं इकडे, अर्धं तिकडे. सुटीच्या दिवशी तिकडून गाड्याच्या गाड्या यायच्या. तीच माणसं बायको-पोरांना घेऊन उघड्यावर टेबलं लावून बसायची, कोणाला पडदा लागायचा नाही. का? त्यांना तिथे ओळखणारं कोणी नव्हतं. आपल्याकडे बाहेरच्या हिरवळीवर जो बसलाय तो कोणाचा तरी सासरा आहे, कोणाचा मास्तर आहे. त्याला त्याच्या गावची सून समोर नकोय. तो पडदा तुला झाकायला नाही गं, त्याची लाज राखायला आहे.

ताई : मग त्याला बसवा की पडद्यामागे!

यावर मामांकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. खरं तर हिशोब सरळ आहे. लाज ज्याची, धुराचा खण त्याचा. पण हॉटेलवाला बाटल्यांचा हिशोब करतो. हिरवळीवरचं टेबल चार तास बसतं आणि पेटी रिकामी करतं. फॅमिली तासाभरात जेवून उठते. कूलर कोणाकडे तोंड करून ठेवायचा हे गल्ल्यावर ठरतं.

मामा : आणि बायकांचं म्हणशील तर गावोगाव बायकांनीच बाटली आडवी केलीय. मतदान घ्यायचं, एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. कायदाच तसा आहे. हॉटेलवाला बाईला बिचकतो ते उगाच नाही. उद्या हीच येऊन आपलं दुकान आडवं करेल, असं त्याला वाटतं.

ताई : ज्यांचे नवरे पगार उडवून घरी येऊन मारतात त्या बाटली आडवी करतात. मीही केली असती. म्हणून मी माझ्या पैशांनी एक ग्लास घेऊन झाडाखाली बसायचं नाही? बिचकायचंच असेल तर त्या मारणाऱ्या नवऱ्याला बिचका. आणि तुमच्या पाकिटात काय असतं ते सांगू का याला?

मामांच्या पाकिटात राज्य उत्पादन शुल्क खात्याचा आजन्म परवाना असतो, लॅमिनेट केलेला. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात दारू प्यायला आजही परवाना लागतो. एका दिवसाचा वर्षानुवर्षं पाच रुपयांना मिळत आला, आणि बहुतेक पिणाऱ्यांना तो आपल्या नावाने फाडला जातो याचा पत्ताही नसतो. मामांनी एसटीतल्या शिस्तीने रीतसर काढून ठेवलाय. काल मात्र त्यांनी थेंबही घेतला नाही. भाचीसमोर घ्यायची नाही, हा त्यांचा नेम. भाचीने घ्यायला त्यांची हरकत नव्हती, हे लक्षात आलं तेव्हा मला हा माणूस नव्याने आवडला.

मामा : बिल मात्र चोख होतं हो. दोन वेगळी बिलं. जेवणावर ५ टक्के जीएसटी, बिअरवर व्हॅट, सगळं मांडून. व्हॅट पाचाचा दहा केला, लायसनची फी वाढवली, आणि सरकार म्हणतं धंदा करा. १४ जुलै २०२५ ला राज्यभर बारवाल्यांनी बंद पाळला तो याच्यासाठीच.

ताई : न विचारता फोडलेल्या पाण्याच्या दोन बाटल्याही चोख लावल्या होत्या.

मामा : बरं, पाणी सोड. आणि रस्त्यापासून आत आहे त्यालाही तू नावं ठेवलीस. ते आत का गेलं? डिसेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू नको. पुढे त्यात पळवाटा निघाल्या, निम्मे परत रस्त्यावर आले. हा आत गेला तो आतच राहिला. मी आयुष्यभर गाड्या सोडल्या, पोरी. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर, धुळे-सोलापूर, सगळे रस्ते आपल्या धुळ्याशी येऊन मिळतात. रात्री कोणती गाडी का आली नाही, हे स्टँडवर पहिल्यांदा मला कळायचं. तो आत राहिला यासाठी मी त्याची कोमट बिअर माफ करतो.

ताईने या एका मुद्द्यावर वाद घातला नाही. मलाही माझा लिंबू-सोडा एकदम चवदार वाटायला लागला.

ताई : ठीक आहे. जेवणाला पैकीच्या पैकी. बिअरला काठावर पास. बसायच्या जागेला नापास. तुमचे?

मामा : माझे जेवणाचे मार्क झाले की पेपर संपला. थंडीत भरताला परत जायचं, एवढं खरं.

ताई : जाऊ. पण बाहेर बसणार असाल तर. आणि मामींनाही नेऊ.

मामा : ती? ती कुठली येतेय असल्या ठिकाणी! तिला नाही आवडत ते.

मामी कधीपासून उंबऱ्यात उभ्या होत्या कोण जाणे. हातात दुसऱ्या चहाचा ट्रे होता. त्या अहिराणीतच म्हणाल्या, ‘‘माले कोनी इचारं?’’ मामा वर बघायला तयार नाहीत.

‘‘मार्गशीर्षात जाऊ,’’ मामींनी ट्रे ठेवत ताईला सांगितलं, ‘‘गुरुवार सोडून कुठलाही दिवस चालेल मला. कडुलिंबाखालचं टेबल यांना आधी फोन करून धरायला लाव. आणि ती कडी बसवली का, तेही विचार म्हणावं.’’